बाळ कुणाजवळ ठेवलंस?

हा प्रश्न आम्हाला जितक्या वेळा विचारला गेला असेल, तितक्या वेळा आमचं नावही कुणी विचारलं नसेल. रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेली बाई विचारते, लग्नात भेटलेली चुलत नणंद विचारते, वॉर्डात सलाईन लावून घेता घेता पेशंटची आजी विचारते. "बच्चे कू किसके पास छोडको आयी बेटी?" मराठी बोलणारी असली तर, "लेकरू कोणापाशी ठिवलं बाई?" बोली वेगळी, पण ऐकल्यावर पोटात कालवतं ते सारखंच. विचारणारीच्या मनात वाईट काही नसतं, हे आम्हाला कळतं. पण त्याच वॉर्डात ज्या डॉक्टरसाहेबांचा राऊंड चालू असतो त्यांच्याही घरी दोन लेकरं आहेत. त्यांना ही आजी कधी विचारत नाही.

आम्ही म्हणजे मुदखेडहून नांदेडला ड्युटीला जाणाऱ्या परिचारिका. कधी चौघी असतो, कधी सहा. कुणाची बदली होते, कुणाचं कंत्राट संपतं, नवीन कुणी येते. आमच्यात मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, एक लिंगायत आहे, आणि एक केरळची ख्रिस्ती सिस्टर आहे, जी इतक्या वर्षांत मराठवाड्याची बोली आमच्यापेक्षा ठसक्यात बोलते. हे लिहायला हात एकीचा असला तरी बोलणं सगळ्यांचं आहे. डब्यात बसून रोज जे बोलतो तेच इथे उतरवतो आहोत.

मुदखेड ते नांदेड अंतर फार नाही, वीस-पंचवीस किलोमीटर. निजामाच्या राज्यातली ही जुनी लाइन. इथून एक फाटा आदिलाबादकडे जातो म्हणून आमच्या गावाला जंक्शनचा मान. भल्या पहाटे स्टेशनवर गेलं की आमच्या आधी फुलं येऊन बसलेली असतात. मुदखेडच्या शिवारात मोगरा, निशिगंध, गुलाब, झेंडू. ओल्या फडक्याखाली झाकलेल्या टोपल्या. ही फुलं तोडणाऱ्या बाया आमच्याही आधी उठलेल्या असतात. त्यांचं लेकरू बांधाच्या लिंबाला बांधलेल्या झोळीत असतं. त्यांना ना प्रसूतीची रजा, ना पगारी सुट्टी. बाळंतपणानंतर महिना-दीड महिन्यात त्या पुन्हा शेतात असतात. आम्ही त्यांच्याहून सुखी, हे मान्यच करावं लागेल. तरी एक गोष्ट त्यांच्याजवळ आहे आणि आमच्याजवळ नाही. लेकरू रडलं की ती बाई तोडणी थांबवून झोळीपाशी जाऊ शकते. मुकादम ओरडेल, पण ती जाईल. आम्ही जाऊ शकत नाही, कारण आमच्या हातात दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू असतं.

गावात केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून कित्येक जवान देशभर जातात, महिनोन् महिने घरी येत नाहीत. त्यांची मुलं बापाशिवाय मोठी होतात. गाव त्या बापांना सलाम करतं, आणि करायलाच हवा. पण बारा तास घराबाहेर असलेल्या आईला तेच गाव विचारतं, "पैशासाठी इतकं कशाला?" जवानाची बायको आमच्याकडे बाळंतपणाला आली होती, ती हसून म्हणाली, "सिस्टर, यांनी लेकीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाच महिन्यांची होती. सगळ्यांनी यांचेच हार घालून फोटो काढले."

आता दुधाचं सांगतो. हे पुरुष वाचकांना वाचायला अवघड वाटेल, पण सांगायलाच हवं.

बाळंतिणींच्या वॉर्डात कुणाचंही बाळ रडलं की अंगावर पाजणाऱ्या आईला पान्हा फुटतो. शरीराला आपलं-परकं कळत नाही. आपलं बाळ मुदखेडला आजीजवळ, आणि इथे खाट नंबर नऊचं बाळ रडतं आणि आमचा युनिफॉर्म ओला होतो. आत कापसाची-गॉझची घडी ठेवायची, वरून ॲप्रन घट्ट बांधायचा. दुपारपर्यंत छाती दगडासारखी होते, ठणकते, कधी तापही येतो. मग कुणाला तरी "जरा बघ" म्हणून सांगायचं आणि बाथरूममध्ये जाऊन बेसिनमध्ये दूध पिळून टाकायचं. नळ सोडायचा. आमच्यातल्या एकीनं सांगितलं, तिनं प्रत्येक वेळी डोळे मिटून पिळलं. दुसरी म्हणाली, "मैं तो देखती थी. किसी ने तो देखना ना."

कुणी म्हणेल, पिळून ठेवा, घरी न्या. कशात ठेवायचं? दवाखान्यात फ्रीज आहे, पण तो लशींचा. आयएलआरमध्ये लशीशिवाय दुसरं काहीही ठेवायचं नाही, हे नव्या मुलींना आम्हीच शिकवतो आणि ते बरोबरच आहे. वॉर्डातला दुसरा फ्रीज इंजेक्शनांचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं दूध घरी पोचेपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही. आणि याच वॉर्डाच्या भिंतीवर दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला आम्ही स्तनपान सप्ताहाचे फलक लावतो. बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्या, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पाणीसुद्धा नको. पावडरचा डबा घेऊन आलेल्या सासूला आम्ही समजावून सांगतो. १९९२ च्या कायद्यानं त्या डब्यांची जाहिरातसुद्धा बंद केली आहे, हे सांगतो. सासू डबा पिशवीत ठेवते. तोच डबा त्याच वेळी आमच्या घरी ओट्यावर उघडा असतो, आणि आमची सास किंवा मोठी लेक चमचे मोजत असते.

मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली दूधपेढी निघाली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांनी. आशिया खंडातली पहिली म्हणतात. तिथे आया आपलं जास्तीचं दूध देतात, ते तपासून, तापवून, गोठवून कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना पाजलं जातं. ट्रेनिंगमध्ये हे ऐकलं तेव्हा आमच्यातली एक पटकन म्हणाली, "म्हणजे दूध ठेवता येतं तर!" सगळ्या हसल्या. शिकवणाऱ्या मॅडमही हसल्या. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते आमचं आम्हाला माहीत.

कायद्याचं म्हणाल तर कायदा वाईट नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात १२ आठवड्यांची पगारी रजा होती. म्हणजे आम्ही आयांना सहा महिने फक्त अंगावर पाजा म्हणून सांगत होतो आणि खासगी दवाखान्यातली आमची बहीण तिसऱ्या महिन्यातच ड्युटीवर हजर होत होती. २०१७ साली ती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन सुट्या हव्यात, असं त्यात होतं. नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं आहे, २६ आठवडे तसेच आहेत. राज्य सरकारच्या कायम नोकरीत १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आली. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत तुकड्यातुकड्यानं घेता येते. ही रजा पुरुषांनाही आहे, पण केव्हा? बायको नसेल किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळली असेल तेव्हा. म्हणजे बाई जिवंत आणि धडधाकट आहे तोवर लेकरू तिचं, हे सरकारच्या कागदावरसुद्धा पक्कं आहे. रेल्वेच्या डब्यातली बाई काय वेगळं विचारते?

आणि आमच्यातली जी कंत्राटी आहे, तिला तर बालसंगोपन रजेचा जीआर हा शेजारच्या घरातल्या बिर्याणीच्या वासासारखा. अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा सही. काम तेच, साहेब तेच, पेशंट तेच. गरोदर राहिली तर सातवा महिना आणि कराराची तारीख एकत्र येऊ नये म्हणून दुआ करायची. पन्नास माणसांच्या पाळणाघराचं आम्ही एका ठिकाणी विचारून पाहिलं होतं. खोली दाखवली गेली. त्यात मोडक्या खाटा आणि जुनी रजिस्टरं होती. अजून आहेत.

एकदा बाहेरगावाहून एक तज्ज्ञ आले होते, ताणतणाव व्यवस्थापनावर बोलायला. घर आणि नोकरी यांचा तोल कसा सांभाळावा, रोज दहा मिनिटं स्वतःसाठी कशी काढावीत, दीर्घ श्वास कसा घ्यावा. माणूस भला होता, मनापासून सांगत होता. कार्यक्रम आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवला होता, आणि दोघी नाइट करून तशाच येऊन बसल्या होत्या. श्वास घ्या म्हटल्यावर त्या झोपल्या.

या सगळ्यात एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. लोकांना वाटतं, परिचारिकेच्या मनाला टोचणी असते ती घरच्या लेकराची. तेवढीच असती तर निभलं असतं.

समजा लेकराला एकशेतीन ताप आहे. पहाटे चार वाजल्यापासून कपाळावर पट्ट्या ठेवल्या आहेत. सकाळी फोन केला, "मॅडम, आज जमणार नाही." पलीकडून मॅडम रागावत नाहीत. त्या एवढंच म्हणतात, "ठीक आहे, पण तुझ्या जागी कोण?" त्याही एकेकाळी याच गाडीनं येत होत्या. ड्युटी लिस्टमध्ये जास्तीची माणसं नसतातच. मग जी रात्रभर जागी होती, ओव्हर देऊन घरी निघायला पर्स उचलली होती, तिलाच थांबवलं जातं. तिचंही लेकरू घरी वाट बघत असतं. त्याला शाळेत सोडायचं असतं, डबा द्यायचा असतं, कदाचित त्यालाही ताप असतो. म्हणजे आमची रजा सरकार देत नाही, दवाखाना देत नाही, ती दुसऱ्या आईच्या ताटातून उचलून आमच्या ताटात टाकली जाते. घरी लेकराच्या उशाशी बसलं तरी डोळ्यांपुढे तीच येते. ड्युटीला गेलो तर लेकराची टोचणी, घरी थांबलो तर तिची. पुढच्या आठवड्यात तिचा फोन येतो तेव्हा नाही म्हणता येत नाही. असं हे उसनवारीचं खातं वर्षानुवर्षं चालतं, आणि या खात्यात कधीही कुणी पुरुषानं जमा-खर्च लिहिलेला नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचं माप असं आहे : शिकवणीच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयात पाच खाटांमागे एक. आमच्यातल्या प्रत्येकीनं रात्री पन्नास-साठ पेशंटांचा वॉर्ड दोघींनी सांभाळला आहे, कधी एकटीनं. एका पेशंटची सलाईन संपते, दुसऱ्याचा ऑक्सिजन बघायचा असतो, तिसरीला कळा सुरू होतात, नातेवाईक दारात उभे राहून आवाज चढवतात. अशा रात्री घरची आठवण येत नाही, खरं सांगायचं तर लेकराचा चेहराही आठवत नाही. तो आठवतो सकाळी गाडीत बसल्यावर. आणि आठवला की पहिला विचार हाच येतो, की रात्रभर आठवला नव्हता.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. देशभर बातमी झाली. पुढारी आले, कॅमेरे आले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तिथे रिकाम्या पदांचाही प्रश्न निघाला. आमच्यातली कुणी त्या वॉर्डात नव्हती. तरी त्या आठवड्यात युनिफॉर्म पिशवीत घालून, साध्या साडीत किंवा बुरख्यात आम्ही स्टेशनवर जात होतो. डब्यातला प्रश्न त्या दिवसांत बदलला होता. "तुम्ही लोक काय करत होता तिथं?" लेकरू कुणाजवळ ठेवलं, हे त्या आठ दिवसांत कुणीच विचारलं नाही. घरात जाऊन झोपलेल्या लेकराच्या नाकाजवळ बोट धरून श्वास पाहणाऱ्या आम्ही त्या आठवड्यात एकट्या नव्हतो, हे मागाहून एकमेकींना सांगितलं तेव्हा कळलं.

कोरोनाचं सगळं सांगत बसलो तर अंक पुरणार नाही. २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून. त्याच वर्षी २२ मार्चला पाच वाजता लोकांनी आमच्यासाठी टाळ्या-थाळ्या वाजवल्या. त्यानंतर काही दिवसांनी आमच्यातल्या एकीला घरमालकानं खोली सोडायला सांगितली. २५ मेला ईद आली. सलग ड्युटी करून एक जण लॉजवर वेगळी राहत होती. नवरा मोटारसायकलवर दोन्ही लेकरांना घेऊन आला. मोठीनं शिरखुर्म्याचा डबा पायरीवर ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे दहा पावलं मागे गेली. धाकटा तीन वर्षांचा. तो पळत सुटला. बापानं त्याचा नवा कुर्ता मागून धरला, तो टरकन फाटला. तो फाटलेला कुर्ता अजून कपाटात आहे. नाइटिंगेलबाईंनी लग्न केलं नव्हतं, त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या नावानं जी प्रतिज्ञा आम्ही हातात दिवा घेऊन म्हटली, ती त्यांनी लिहिलेलीही नाही, १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात तयार झाली. तिच्यात पेशंट आहे, डॉक्टर आहे. घरी वाट पाहणारं कुणी नाही.

घरच्यांबद्दल लिहायचं तर आधी सासवांबद्दल लिहिलं पाहिजे. सासूची निंदा करणं हा आपल्याकडे लिहिणाऱ्या बायकांचा आवडता उद्योग, पण आमची अर्धी लेकरं त्यांनीच वाढवली. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई, अंगठा लावणाऱ्या. नातेवाईक म्हणाले, पोरगी मां के बगैर पल रही. त्या म्हणाल्या, "हमारे नबी कू हलीमा दाई ने दूध पिलाया, गाँव में ले जाको पाला. उनो क्या कम हो गये?" त्यावर मौलवीसाहेबांनाही बोलायला जागा राहिली नाही. आपल्या घरांत दूधभाऊ, दूधबहीण ही नाती सख्ख्यासारखी पाळतात. एका आईनं एकटीनंच लेकरू वाढवावं, हा हट्ट आपल्या म्हाताऱ्यांना माहीत नव्हता. तो कुठून आला कुणास ठाऊक. बहुधा टीव्हीवरच्या जाहिरातींतून.

केरळच्या सिस्टरची गोष्ट वेगळी. तिनं लेक दीड वर्षाची असताना आईकडे ठेवली. वर्षानं गावी गेली तर लेक आजीच्या मुंडूमागे लपली आणि बाहेर यायला दोन दिवस लागले. तिच्या गावात अशी कितीतरी घरं, म्हणते. कुणाची आई दिल्लीत, कुणाची कुवेतला, कुणाची रियाधला, सगळ्या सिस्टर. जगभरच्या रुग्णांच्या उशाशी बसलेल्या आणि आपल्या लेकरांपासून हजारो मैल लांब. ती हे सांगताना रडत नाही. तिची लेक आता इंजिनिअर आहे, रोज रात्री फोन करते, आणि अजूनही काही दुखलं-खुपलं तर आधी आजीला सांगते.

आम्हाला सगळ्यात जास्त जड जातं ते मोठ्या लेकीचं. सासू नसेल, असली तरी थकलेली असेल, तर घर तिच्यावर येतं. नऊ वर्षांची होती तेव्हापासून बाटली उकळायला शिकलेली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर, त्यावर आमची ड्युटी तिनं तिच्या हातानं लिहिलेली : स, दु, रा. कोणत्या दिवशी आपला अभ्यास होईल ते ती त्यावरून ठरवते. शाळेतून निरोप येतो, मुलगी वर्गात पेंगते. दहावीच्या वर्षी एका घरातल्या अशाच लेकीनं कणीक मळता मळता सहज विचारलं, "अम्मी, भाई कू कायकू नै बोलते?" भाई तेव्हा चौदाचा, ओट्यावर बसून मोबाइल पाहत होता. अम्मी नाइटला निघाली होती, चप्पल पायात होती. गाडी चुकू नये म्हणून ती काही न बोलता निघाली, पण डब्यात बसल्यावर आम्हाला सांगितलं, आणि त्या रात्री आमच्या सगळ्यांच्या मनात आपापल्या घरचे भाई आणि भाईचे अब्बा येऊन बसले. आता त्या घरात भाई भात लावतो. कधी करपतो. आजी म्हणते, पोराचे हात जळतील. लेक म्हणते, "मेरे भी जलते थे." अब्बा अजून 'मदत' करतात. मदत हा त्यांचाच शब्द. स्वतःच्या घरात माणूस मदत करतो म्हणजे तो पाहुणा की काय, असं त्यांना एकदा विचारायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्यात एक नवी मुलगी आली, बंधपत्रित. तिला सासू नाही, माहेर लांब. चार महिन्यांचं लेकरू घेऊन ती गाडीत बसायची आणि उतरल्यावर कुठे ठेवायचं ते ठरलेलं नसायचं. तेव्हा आम्हाला दवाखान्याजवळ राहणारी एक निवृत्त आया आठवली. तिनं तीस वर्षं प्रसूतिगृहात काम केलं, आमच्यातल्या दोघींची बाळंतपणं तिच्याच हातांखाली झाली. तिनं एका शब्दानं हो म्हटलं. एका खोलीत दोन साड्यांच्या झोळ्या बांधल्या. आम्ही वर्गणी काढून एक छोटा जुना फ्रीज घेतला. त्यात फक्त दूध ठेवायचं, नावाच्या चिठ्ठ्या लावून. ज्यांची लेकरं मोठी झाली त्याही वर्गणी देतात. दुपारच्या चहाच्या वेळात पळत जाऊन पाजून येता येतं. मॅडमना माहीत आहे. त्या घड्याळाकडे बघत नाहीत.

सध्या तिथे चार लेकरं आहेत. घरमालक कुरकुर करतो, पाणी जास्त लागतं म्हणतो. पुढच्या महिन्यात आणखी दोघींच्या रजा संपतात, म्हणजे सहा होतील आणि आयाबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. मदतीला एखादी मुलगी बघायची आहे, घरमालकाशी पाण्याचं बोलायचं आहे. रविवारी दोघी नाइट उतरल्यावर जाणार आहेत.